पायाखाली डेक दबतोय: वरून मॅट मारू की उघडू?

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे २२ फुटी फायबरची होडी आहे, सेकंडहँड घेतलेली, आधीचा मालक १९९८ची म्हणतो. शापोरा नदीत आणि हवा चांगली असली तर थोडं बाहेर गरवायला जातो, रविवारी पोरांना फिरवतो, धंदा नाही. गेल्या वर्षीपासून स्टिअरिंगच्या सीटसमोर उभं राहिलं की फ्लोअर पायाखाली दबतो, पाय उचलला की वर येतो, आणि आता मागे आइसबॉक्सपाशी पण तसंच सुरू झालंय. एक कारखानावाला म्हणतो वरून दोन मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंचे थर, मारतो, दोन दिवसांत होडी परत. दुसरा म्हणतो अख्खा फ्लोअर काढावा लागेल. चतुर्थीनंतर काम करायचा विचार आहे. नेमकं काय करू? आणि घरी जमेल का? ग्राइंडर, ड्रिल आहे, हात बऱ्यापैकी चालतो.
एक वाचक, शिवोली

उत्तर: वरून मॅट मारू नका. दोन दिवसांत होडी परत मिळेल हे खरंय, एखादा सीझन दबणं पण कमी होईल, पण आत बसलेलं पाणी तिथेच राहणार, वर आठ-दहा किलो वजन चढणार, आणि उद्या फ्लोअर उघडायची वेळ आली की कापायला तेवढं जास्त फायबर. अख्खा फ्लोअर काढायची पण गरज असेलच असं नाही. खरं काय ते ठोकून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, त्या दोन्ही कारखानेवाल्यांना पण नाही.

जुन्या होडीचा फ्लोअर म्हणजे नुसतं फायबर नसतं. वर तीन-चार मिलिमीटर फायबर, मध्ये गाभा म्हणून प्लायवूड नाहीतर बाल्साचं हलकं लाकूड नाहीतर फोम, आणि खाली परत पातळ फायबर. ताकद येते ती हे तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात म्हणून. पत्त्यांचा जोड हातात धरून वाकवा, सहज वाकतो, कारण पानं एकमेकांवरून सरकतात, तीच पानं गोंदाने चिकटवून वाळवली की ठोकळा होतो. जाडी दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो असा हिशोब आहे, म्हणजे मधला गाभा कुजून सुटला की वीस मिलिमीटरच्या एका फळीच्या जागी तुमच्याकडे दोन सुटे पातळ पत्रे उरतात आणि तुम्ही वरच्या पत्र्यावर उभे असता. मग तो दबणारच.

गाभा लाकडाचा आहे म्हणून होडी वाईट, असं मात्र अजिबात नाही. आपल्या गोव्यातच दिवाडीला बांधलेली नौदलाची ५६ फुटी शिडाची नौका म्हादेई पण लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवलेलीच, आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगप्रदक्षिणा करून आले, अभिलाष टॉमी तर २०१२-१३ मध्ये कुठल्याच बंदराला न थांबता. लाकूड बंद राहिलं तर टिकतं. तुमच्या होडीत कुणीतरी कधीतरी सीटचा स्क्रू सरळ प्लायमध्ये मारला आणि भोकात काही भरलं नाही, माझा संशय तिथेच आहे. बघा ना, दबतंय कुठे, सीटसमोर आणि आइसबॉक्सपाशी, दोन्हीकडे काहीतरी स्क्रूने ठोकलेलं आहे. आणि लाकूड कुजवतं ते बऱ्याचदा समुद्राचं पाणी नसतंच. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी तेवढी फोफावत नाही, गोड्या पाण्यात लाकूड लवकर जातं, आणि आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, होडी आंब्याच्या झाडाखाली उघडी, ड्रेनच्या भोकात पानं अडकलेली, पाणी फ्लोअरवर तळं करून बसलेलं. आइसबॉक्समधून वितळून गळतं ते पण गोडंच पाणी. तेव्हा आधी पाणी कुठून गेलं ते शोधा, फ्लोअरचं नंतर.

ठोकायचं कसं ते सांगतो. सकाळी शांत वेळी, होडी जमिनीवर असताना, स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने चार-चार बोटांवर ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक येतो आणि मूठ उडते, सुटलेल्या जागी आवाज बसका येतो, बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करत जा, अर्ध्या तासात फ्लोअरवर नकाशा तयार होतो आणि तो नकाशा बघून बरेच जण गप्प होतात, कारण दबणारी जागा हातभर असते आणि खूण निघते दोन हात. मग त्या नकाशाच्या आत आणि बाहेर चार मिलिमीटरच्या बिटने चार-पाच भोकं पाडायची, बिटला टेप लावून खोली ठरवून, म्हणजे वरचा थर आणि गाभा एवढंच जाईल, खालचा थर फुटणार नाही. भुसा फिकट नि कोरडा आला तर ती जागा चांगली. काळपट, ओला, बिटला चिकटणारा गाळ आला आणि आंबूस वास आला तर गेलं. भोकातून सरळ पाणीच आलं तर विचारायलाच नको. ओल मोजायचं मीटर लोक विकत घेतात, पण मिठाने भरलेल्या होडीवर ते काहीही आकडा दाखवतं, त्यापेक्षा बिट खरं बोलतं.

आता एक वेगळी शक्यता. सगळीकडे आवाज टणक येतोय आणि तरी फ्लोअर दबतोय, आणि दबताना कर्र असा आवाज एका रेषेत येतोय, तर गाभा चांगला आहे, खाली जे लांब आडे असतात, स्ट्रिंगर म्हणतात ते, त्यांच्यावरून फ्लोअरचा जोड सुटलाय. हॅचमधून मोबाइल आत घालून टॉर्च लावून व्हिडिओ काढा, फायबरची पट्टी उकललेली दिसेल. तसं असेल तर काम अर्धं. पण स्ट्रिंगरलाच भोक पाडून ओला गाळ आला तर हे घरचं काम राहत नाही, कारण इंजिनचा आणि लाटांचा मार तिथे जातो, कारखान्यात न्या. ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची भिंत, पण त्याच दिवशी बघून घ्या, आउटबोर्ड इंजिनचा पाय धरून वर-खाली जोर द्या आणि दुसऱ्याला मागची भिंत हलते का बघायला सांगा.

बरं, चतुर्थीनंतर लगेच लॅमिनेशन, म्हणजे फायबरचे नवीन थर चढवणं, नको. सप्टेंबरमध्ये पाऊस असतोच, ऑक्टोबरात पण दुपारनंतर गडगडतं. चतुर्थीनंतर होडी बाहेर काढा, वर ताडपत्रीचा मांडव घाला, फ्लोअर उघडा आणि वाळू द्या, पंखा लावून ठेवा, नवीन काम नोव्हेंबर-डिसेंबरला. परदेशातले व्हिडिओ बघून लोक विचारतात की हिटर कुठला घेऊ, अहो आपल्याला हिटर कशाला, आपला प्रॉब्लेम उलटा आहे, रेझिन, म्हणजे तंतू भिजवून कडक होणारा चिकट द्रव, उकाड्याने डब्यातच शिजतं. थंडीत पण पहाटे दव पडतं, हात लावला की फायबर ओलसर लागतं, तेव्हा दहाच्या आधी सुरू नको आणि चारच्या पुढे नको, आणि मांडवाखाली, उन्हात नाही.

कापायच्या आधी खाली काय आहे ते बघा. पेट्रोलची टाकी फ्लोअरखाली असेल तर ती रिकामी करून, शक्य असेल तर बाहेर काढून, पाइप सोडून, जागा हवेशीर करून मगच ग्राइंडर, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आणि ग्राइंडर ठिणगी टाकणारच. बॅटरी सोडा. स्टिअरिंगची केबल आणि वायरिंग कुठून जातं ते टेप लावून वर आखून घ्या. कटरची खोली फक्त वरच्या थराएवढी. रेषा कुठे मारायची यात थोडं डोकं लावा, फ्लोअरवर खरखरीत डिझाइन असतं आणि मध्ये गुळगुळीत पट्टे असतात, त्या गुळगुळीत पट्ट्यातून कापलं तर नंतर सांधा लपतो. होडीच्या बाजूच्या भिंतीला लागून कापू नका, दोन-तीन इंच काठ ठेवा, नवीन थर कुठे तरी चिकटवायला जागा पाहिजे. वरचा थर सलग निघाला तर फेकू नका, तोच परत बसवता येतो.

मग छिन्नी नि हातोडी घेऊन कुजलेला गाभा खरवडायचा. गंमत म्हणजे मधला भाग हाताने निघतो, काठाकडे जाताना छिन्नी अडायला लागते. तिथे थांबायचं नाही, कोरडं फिकट लाकूड लागेपर्यंत आणि त्याच्या पुढे चार बोटं जायचं, कारण रंग बदलायच्या आधीच ओल पुढे गेलेली असते. फ्लोअर मोठा उघडला तर होडीचा आकार बदलू शकतो, म्हणून ट्रेलरवर असेल तर टेकू सगळीकडे नीट, आणि एकदम अख्खं न उघडता एक भाग पूर्ण करून दुसरा. खालचा थर ४० नंबरच्या पेपरने खरखरीत करा, चकाकी कुठेही राहता कामा नये, व्हॅक्यूम मारा, मग एसीटोनचं स्वच्छ फडकं. हे कंटाळवाणं काम आहे, पण नवीन गाभा सुटतो तो बहुतेक वेळा इथे आळस केला म्हणूनच.

नवीन गाभा म्हणून साधी गोष्ट, आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लाय, १२ मिलिमीटर किंवा जुनं जेवढं होतं तेवढं. दुकानदार वॉटरप्रूफ वॉटरप्रूफ करत ३०३ नंबरचं देईल, ते स्वयंपाकघराच्या कपाटाला चांगलं, इथे नको. परवडत असेल तर बंद पेशींचा पीव्हीसी फोम, चौरस मीटरला वजन कमी आणि कुजण्याचा प्रश्नच नाही, फक्त ज्या जागी बोल्ट यायचेत तिथे फोम नको, तिथे घट्ट काहीतरी पाहिजे. प्लायचे तुकडे आधी कोरडे बसवून बघा, मग दोन्ही बाजूंनी आणि चारी कडांना रेझिन पाजा. कडा विसरू नका, प्लाय पाणी पितं ते कडांनी. तुकड्यांना हातभर अंतराने पाच मिलिमीटरची भोकं पाडून ठेवा. मग खालच्या थरावर एक ४५० ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅमची) मॅट रेझिनने ओली करून टाकायची, किंवा रेझिनमध्ये एरोसिल, म्हणजे घट्टपणा आणणारी बारीक पूड, कालवून घट्टसर केलेली पुट्टी दातेरी थापीने पसरायची, टाइल बसवणाऱ्याकडे असते तीच थापी, आणि तुकडा दाबायचा. भोकांतून पुट्टी वर आली म्हणजे खाली हवा राहिली नाही. वर वाळूच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, जे असेल ते, मध्ये प्लास्टिक घालून, नाहीतर कॅन पण होडीचाच होतो.

दुसऱ्या दिवशी कडा बारीक चॅम्फर करून, म्हणजे तिरक्या घासून, वरचा थर. जुन्या फायबरच्या काठाला उतार द्यायचा, जाडीच्या बारापट, म्हणजे थर चार मिलिमीटर असेल तर पाच सेंटिमीटर. हा उतार बघून लोकांना वाटतं चांगलं फायबर उगीच घासतोय, पण उतार न देता सरळ उभा सांधा मारला तर तो तिथेच तडकणार. ४५० मॅट, ६१० रोव्हिंग (जाड विणलेलं काचेचं कापड), परत ४५० मॅट, एवढ्याने अडीच-तीन मिलिमीटर होतात, जुनी जाडी जास्त असेल तर अजून एक जोडी. हिशोबाला, चौरस मीटरभर ४५० मॅटला साधारण एक किलो रेझिन लागतं, रोव्हिंगला त्याच्या वजनाएवढंच. पांढरं दिसतंय तिथे हवा आहे, लोखंडी रोलर फिरवून काढा, आणि रेझिनचं तळं करू नका, जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नव्हे, ठिसूळपणा.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं ते रेझिनच्या दुकानात कुणी सांगत नाही. आपल्याकडे पॉलिएस्टर रेझिन घेतलं की बरोबर दोन बाटल्या मिळतात, एक जांभळट कोबाल्ट, एक पाण्यासारखी दिसणारी हार्डनर, म्हणजे एमईकेपी. हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, एका चमच्याने नाही, एका मापाने पण नाही, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये, नीट ढवळायचं, आणि वापरायच्या वेळी मग हार्डनर. काही रेझिनात कोबाल्ट आधीच घातलेलं येतं, डब्यावर वाचा. हार्डनर किलोला दहा मिलीलीटर म्हणजे साधारण एक टक्का, आपल्या उन्हाला तेवढं पुरे, पण वेळ वाढवायला म्हणून अर्धा टक्का पण करू नका, नाहीतर रेझिन वरून कडक नि आतून कच्चं राहतं. त्यापेक्षा एका वेळी अर्धा किलोच कालवा. डब्यात उरलेलं रेझिन गरम होऊन धूर सोडतं, ते होडीत ठेवू नका, बाहेर वाळूवर ठेवा. डोळ्याला चष्मा हवाच, एमईकेपी डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते, गेलंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तिथूनच डॉक्टरकडे.

शेवटी सीट परत बसवायची, आणि इथे परत तीच गोष्ट होते, सगळं छान झालं आणि घाईत स्क्रू सरळ प्लायमध्ये. सहा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर बारा मिलिमीटरचं भोक पाडा, ते घट्ट पुट्टीने भरा, कडक झालं की त्याच्या मध्ये सहाचं भोक. बोल्ट गेला तो पुट्टीतून, लाकडाला स्पर्श नाही. खाली मोठा वॉशर, वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, बाथरूमचं सिलिकॉन नव्हे. आइसबॉक्सला मी तर स्क्रूच मारणार नाही, दोन पट्ट्यांनी बांधून ठेवा, आणि त्याच्या ड्रेनला पाइप लावून पाणी थेट बाहेर सोडा. वरून जेलकोट, म्हणजे सगळ्यात वरचा रंगीत रेझिनचा थर, मारणार असाल तर शेवटचा हात मेणवाला घ्या नाहीतर तो चिकटच राहतो, रंग फिका ठेवा, एप्रिलमध्ये गडद डेकवर अनवाणी पाय ठेवून बघा म्हणजे कळेल.

घरी जमेल का विचारलंत. हात चालतो म्हणता तर जमेल, दोन जागा आहेत तेवढ्या तरी. पण मदतीला एक माणूस पाहिजे, रेझिन कालवल्यावर फोन आला तर थांबत नाही ते.

प्रश्न: रेझिन कुठलं, पॉलिएस्टर की इपॉक्सी? प्रत्येक जण वेगळं सांगतो. माझी जुनी होडी आहे, फ्लोअरचंच काम.
एक वाचक, रायबंदर

उत्तर: पैसा असेल तर इपॉक्सी, जुन्या फायबरला आणि लाकडाला ते जास्त घट्ट धरतं, दुरुस्ती म्हणजे शेवटी गोंदाचंच काम. पॉलिएस्टर स्वस्त, लवकर होतं, आपल्या कारीगरांचा हात त्यावर बसलेला आहे, आणि नीट घासलेल्या फ्लोअरवर ते पण चालतं, हजारो होड्या त्यावरच आहेत. फक्त सरमिसळ करू नका. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, त्यामुळे एकदा इपॉक्सी मारलंत की पुढे सगळं इपॉक्सीच, किंवा वरून रंग. आणि इपॉक्सी घेतलंत तर ती नेहमीची तुकडेवाली मॅट घेऊ नका. त्या मॅटमधले धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट नीट भिजत नाही, ताठ राहते. विणलेलं कापड किंवा बायअॅक्सियल (दोन दिशांचे धागे शिवलेलं कापड) घ्या. अजून एक, इपॉक्सीत हार्डनर अंदाजाने कमी-जास्त करून वेळ वाढवता येत नाही, डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, वजनकाट्यावर. दोन थरांच्या मध्ये रात्र गेली तर वर साबणासारखं बुळबुळीत येतं, ते साध्या पाण्याने नि घासणीने धुऊन, वाळवून मग पेपर मारा. आधी पेपर मारला तर ते आतच घासलं जातं.

प्रश्न: फ्लोअरखाली मोकळी जागा आहे. तिथे थर्मोकोल भरून वरून फायबर मारलं तर फ्लोअर दबणार नाही आणि होडी बुडणार पण नाही, असं मित्र म्हणतो. बरोबर आहे का?
एक वाचक, वास्को

उत्तर: मित्राला सांगा, थर्मोकोलचा एक तुकडा वाटीत ठेवून त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओत आणि चहा पिऊन ये. परत येईपर्यंत तुकडा विरघळून चिकट लगदा झालेला असेल. रेझिनमध्ये स्टायरीन आणि थर्मोकोल पण त्याचंच बनलेलं, त्यामुळे टिकत नाही. पेट्रोलने पण तेच होतं, आणि होडीच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, पेट्रोलचा थेंब कधी पडणार नाही असं कोण सांगणार. पीयू फोम ओतून भरतात, तो रेझिनने विरघळत नाही, बऱ्याच होड्यांत कारखान्यातूनच असतो, पण ओतलेला फोम वर्षानुवर्षं पाण्यात बसला तर पाणी धरतो, मग होडी दर वर्षी जड होत जाते आणि मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. उघडला आणि फोम ओला निघाला तर तो वाळवत बसू नका, काढा. परत भरताना सगळ्यात खाली पाणी वाहायला वाट मोकळी ठेवा, ती आधी बुजवलेली होती म्हणूनच तो भिजला असणार. आणि फ्लोअर फोमवर टेकवून उभा करायचा हा विचारच सोडा, त्याला आधार स्ट्रिंगरचा पाहिजे.

प्रश्न: आमची होडी प्रवाशांना डॉल्फिन दाखवायला जाते, सीझन सुरू आहे, उघडायला वेळ नाही. इंजेक्शनने रेझिन भरतात म्हणे, भोकं पाडून. त्याने होईल का?
एक वाचक, बेती

उत्तर: गाभा कोरडा असेल आणि फक्त वरचा थर सुटला असेल तर होतं. भोकं पाडायची, पातळ इपॉक्सी सुईने एका भोकातून घालायची, शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत, वजन ठेवायचं, झालं. पण ओल्या, कुजलेल्या लाकडात इपॉक्सी शिरत नाही, पाण्याच्या भोवती कवच धरून बसतं, वरून टणक लागतं आणि आत कुजणं चालूच. चार मिलिमीटरची भोकं पाडून बघा, कोरडा भुसा आला तर इंजेक्शन, गाळ आला तर नाही.

पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. वीस माणसं एका बाजूला डॉल्फिन बघायला धावतात तेव्हा सगळं वजन काठाजवळच्या फ्लोअरवर येतं. दबणारी जागा तिथे असेल, रेलिंगच्या खुंटाजवळ असेल, तर सीझन बाजूला ठेवा, रेलिंग त्याच फ्लोअरला बोल्टने धरलेलं आहे. मध्ये असेल आणि ठोकून ती वाढत नाहीय हे दिसत असेल तर तेवढी जागा दोरी लावून बंद करा, फळी टाकून झाकू नका, झाकलं की सगळे विसरतात, पहिले तुम्ही. प्रवासी होडीच्या फ्लोअरचं मोठं काम काढणार असाल तर बंदर कप्तान खात्यात आधी विचारून घ्या, सर्व्हेच्या वेळी नवीन लॅमिनेशन बघून प्रश्न येण्यापेक्षा ते बरं. उघडताना फोटो काढत चला, आत काय होतं नि काय घातलं ते.

प्रश्न: दादा, आमचे हे अंगणात होडीचं फायबरचं काम काढणार आहेत. घरात लहान मुलगा आहे, सासूबाईंना दमा आहे. वास किती दिवस राहतो, काय काळजी घ्यायची? यांना विचारलं तर म्हणतात काही होत नाही.
एक वाचक, बेतूल

उत्तर: ताई, होतं. दम्याच्या माणसाला तर नक्की त्रास होतो, वास येतो त्या स्टायरीनचा पण आणि घासताना उडणाऱ्या काचेच्या धुळीचा पण. मॅट मारतात त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना आणि मुलाला नातेवाइकांकडे पाठवता आलं तर उत्तम, पुढे आठवडाभर मंद वास राहतो, त्याने डोकं दुखू शकतं पण वारा असला की जातो. काम घराच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला करायला लावा, दुपारी आपल्याकडे समुद्रावरून वारा येतो, त्या हिशोबाने. घासायचं काम ओल्या पेपरने जेवढं होईल तेवढं ओल्याने, ग्राइंडर लावायचा तेव्हा खिडक्या बंद आणि वाळत घातलेले कपडे आधी आत. यांना तोंडावर रुमाल बांधून चालणार नाही म्हणावं, धुळीला एन-९५ आणि रेझिनच्या वासाला कार्बनवाला मास्क, दोन वेगळी कामं, दोन वेगळे मास्क.

मुलाच्या बाबतीत एकच गोष्ट डोक्यात ठेवा, हार्डनर. कारखान्यातून सुटं आणताना ते पाण्याच्या नाहीतर थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत देतात, मी स्वतः बघितलंय, आणि ते दिसतं अगदी पाण्यासारखं. अशी बाटली घरात आणूच देऊ नका, मूळ डब्यातच घ्यायला लावा, उंचावर, कुलपात, आणि कोबाल्टच्या बाटलीपासून लांब, फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. रेझिनचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकतात ते पण गरम होतात, अंगणात पसरून वाळवायचे आणि मगच कचऱ्यात.

संध्याकाळी यांच्या अंगाला खाज सुटणार. गरम पाण्याने आंघोळ नको, आधी गार पाणी, अंग चोळायचं नाही, खाजणाऱ्या जागी चिकटपट्टी लावून ओढली की काचेचे तंतू निघून येतात, मग साबण. ते कपडे मुलाच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, वेगळे धुवा आणि नंतर मशीन एकदा रिकामं फिरवा.